दर्यातील चोरी आणि किनाऱ्यावरचे गिऱ्हाईक
बेकायदा मासेमारी, ढिला अंमल आणि व्यापाऱ्यांचे काम

बंदराच्या गावात धंदा करणाऱ्या व्यापाऱ्याचा हंगाम दर्यावर ठरतो. नावा भरून आल्या की आठवड्याभरात किराणावाल्याची जुनी बाकी फिटते, सोनाराकडे गर्दी होते आणि आमच्यासारख्या कापडवाल्याच्या दुकानात लग्नाचा बस्ता निघतो. नावा रिकाम्या आल्या की उधारीची वही जाड होत जाते. मासळीच्या खरेदी-विक्रीत आम्ही कधी पडलो नाही. पण नाखवा, तांडेल, खलाशी, जाळी दुरुस्त करणारे, बर्फवाले, सुतार, इंजिनाचे मिस्त्री, टोपलीवाल्या बाया ही सगळी आमची गिऱ्हाइके. त्यांच्या खिशात पैसा नसेल तर आमच्या कपाटातले तागे तसेच पडून राहतात. म्हणून हा मामला केवळ मच्छीमारांचा आहे, असे आम्ही मानत नाही. बंदरावर पोट असलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याने आणि कारागिराने तो समजून घेतला पाहिजे.

केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज काढते. तिच्या हिशेबाप्रमाणे २०१८ साली महाराष्ट्रात २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली होती. २०१९ साली ती २ लाख १ हजार टनांवर आली. गेल्या ४५ वर्षांतील हा सर्वात कमी आकडा, असे त्या वेळी संस्थेने सांगितले. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या चक्रीवादळांमुळे नावांचे पुष्कळ दिवस वाया गेले, हे खरे. एका वर्षाच्या आकड्यावरून दर्या संपला असे कोणी म्हणू नये. पण ज्या दुकानात माल भरपूर असतो तिथे एक वाईट महिना सहज निघून जातो. ज्या दुकानाचे भांडवलच खाल्ले गेले आहे ते एका धक्क्याने बसते. आपल्या दर्याचे भांडवल कोण आणि कसे खात आहे, ते या लेखात पाहू.

बेकायदा मासेमारी कशाला म्हणावे?

संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना या विषयात तीन गोष्टी एकत्र धरते. पहिली बेकायदा, म्हणजे परवाना नसताना, बंदीच्या काळात, बंदीच्या जागी किंवा बंदी असलेल्या साधनाने केलेली मासेमारी. दुसरी बेनोंद, म्हणजे पकडलेल्या मालाची नोंद न देणे किंवा खोटी देणे. तिसरी बेबंद, म्हणजे जिथे नियमच नाहीत किंवा ज्या नावेवर कोणाचा ताबा नाही अशी मासेमारी. आपल्या किनाऱ्यावर तिन्ही प्रकार आढळतात, पण लोकांच्या तक्रारी मुख्यतः पहिल्या प्रकाराच्या आहेत. त्यात दोन शब्द वारंवार ऐकू येतात, पर्ससीन आणि एलईडी.

पर्स म्हणजे बटवा. बटव्याच्या तोंडात नाडी असते, ती ओढली की तोंड बंद होते. पर्ससीन जाळ्याचे तत्त्व तेच. शेकडो मीटर लांबीचे जाळे माशांच्या थव्याभोवती गोल टाकतात. वरच्या कडेला बोये असतात, खालच्या कडेला कड्या असतात आणि कड्यांतून दोर ओवलेला असतो. यंत्राने दोर ओढला की खालचे तोंड आवळते आणि आतला सगळा थवा नावेवर येतो. बांगडा आणि तारली हे थव्याने फिरणारे मासे असल्याने एका खेपेत टनांनी माल मिळतो. हे जाळे मुळातच बेकायदा आहे असे नाही. परवाना घेऊन, ठरलेल्या महिन्यांत, ठरलेल्या अंतरापलीकडे ते टाकता येते. चोरी सुरू होते ती परवाना नसताना, मुदत संपल्यावर किंवा किनाऱ्याजवळ जाळे टाकल्यावर.

एलईडीची रीत वेगळी. काळोख्या रात्री एक नाव जनित्र चालवून पाण्यावर आणि पाण्याखाली प्रखर दिवे लावून उभी राहते. उजेडाला सूक्ष्म जीव जमतात, त्यांच्यामागे बारीक मासा आणि म्हाकूल येते आणि त्यांना खाणारा मोठा मासाही येतो. मग दुसरी नाव सगळ्यांभोवती जाळे आवळते. जाळ्यात लहान-मोठा हा भेद राहत नाही. आसपासच्या पाण्यात विखुरलेला मासा असा एका जागी ओढून नेला, तर त्याच रात्री गिलनेट लावून बसलेल्या लहान होडीला काय मिळणार? तिचे डिझेलही सुटत नाही.

जाळ्याची आस, कापडवाल्याच्या भाषेत

जाळ्यातल्या भोकाला आस म्हणतात. आस मोठी असेल तर पिल्लू निसटते, बारीक असेल तर अडकते. आमच्या शिंपी आणि विणकर बांधवांना यातली एक गोष्ट चटकन कळेल. कापड उभ्या किंवा आडव्या सुताने ओढले तर ते आपला आकार धरून राहते. तेच उरेब ओढले तर लांबते आणि रुंदीला आवळते. ट्रॉलच्या नेहमीच्या जाळ्याची आस चौकटच्या पत्त्यासारखी तिरपी असते, म्हणजे जाळे सतत उरेबच ओढले जाते. पाण्यात ओढ बसली की भोके मिटतात. कागदावर आस कितीही मोठी असली तरी पिल्लाला वाट राहत नाही. म्हणून ट्रॉलच्या शेवटच्या खोळीला ४० मिलीमीटरची चौकोनी आस वापरा, असे शास्त्रज्ञ सांगतात. चौकोनी आस ओढ बसली तरी उघडी राहते. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने या आसेचा प्रसार झाला होता. पर्ससीनसाठी राज्याने कमीत कमी २५ मिलीमीटर आस ठरवली आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पिल्ले मारण्याचा दोष केवळ मोठ्या नावांचा नाही. मुंबई, पालघर आणि रायगडकडे भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधले जाणारे डोल जाळे पारंपरिक आहे. पण त्याच्या शेपटाची आस फार बारीक असते आणि त्यात पापलेटची पिल्लेही येतात. जाळे जुने आहे म्हणून त्याचे नुकसान माफ होत नाही. ज्याचे जाळे त्याची जबाबदारी, हा नियम सर्वांना सारखा लागू झाला तरच तो टिकतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम हा कायदा १९८१ सालचा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतची हद्द राज्याची. तेथून २०० सागरी मैलांपर्यंतचा अधिकार केंद्र सरकारचा. माशांच्या पैदाशीसाठी पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नावांना मासेमारी बंद असते.

पर्ससीनचे प्रमाण वाढल्याच्या तक्रारी आल्यावर राज्याने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यांनी २०१२ साली अहवाल दिला. त्याच्या आधारावर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. राज्याच्या हद्दीत पर्ससीन केवळ सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत चालावी आणि परवान्यांची संख्या हळूहळू १८२ पर्यंत खाली आणावी, असे त्यात ठरले. म्हणजे जानेवारीपासून पुढे राज्याच्या पाण्यात पर्ससीनने पकडलेला मासा हा चोरीचा मासा होय.

दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याने २०२१ साली आपला जुना कायदा दुरुस्त केला आणि दंड वाढवले. एलईडी मासेमारीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत, विनापरवाना पर्ससीनला १ लाखापासून ६ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वी ही प्रकरणे तहसीलदारांपुढे चालत. आता ती मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यापुढे चालतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने १२ मैलांपलीकडच्या पाण्यासाठी स्वतंत्र नियम काढले. दिव्यांची मासेमारी आणि दोन नावांनी मिळून एक जाळे ओढणे या दोन्ही गोष्टींना तेथेही बंदी आहे आणि यांत्रिक नावांना तेथे जाण्यासाठी पास घ्यावा लागतो.

माशांच्या आकाराचाही नियम झाला आहे. केरळने २०१५ साली १४ जातींची किमान लांबी ठरवली आणि २०१७ साली आणखी ४४ जाती जोडल्या. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तसाच नियम काढला. पापलेटला १३५ मिलीमीटर आणि सुरमईला ३७० मिलीमीटर ही किमान लांबी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पापलेटला राज्य मासा जाहीर केले गेले. मान मिळाला ही चांगली गोष्ट. पण ज्याला मान दिला त्याची पिल्ले आजही वाट्यांनी विकली जातात.

मग अंमल का होत नाही?

कायदा कमी पडतो असे आता म्हणता येत नाही. अडचण अंमलाची आहे आणि तिची कारणे आमच्या समजुतीप्रमाणे पाच आहेत.

पहिले कारण, पाहणारे थोडे आणि दर्या मोठा. राज्याचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटर, नव्या मोजणीत त्याहून जास्त. त्यावर लक्ष ठेवायला मत्स्यव्यवसाय खात्याकडे भाड्याच्या मोजक्या गस्ती नौका. ज्यांना पकडायचे त्यांची इंजिने अनेकदा गस्ती नौकेपेक्षा वेगवान असतात. मालवण आणि देवगडचे लहान मच्छीमार कर्नाटकातून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरबद्दल वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत.

दुसरे कारण हद्दीचे. पकडलेली नाव म्हणते, आम्ही १२ मैलांबाहेर मासा मारला, नुसते घरी येत होतो. नाव कुठे होती याची नोंद नसेल तर हे खोटे पाडणे कठीण. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे मच्छीमार नावांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. तिचा मुख्य हेतू वादळाची सूचना आणि संकटात मदत हा आहे. पण नाव कुठे होती याचा पुरावाही अशा यंत्रातून मिळू शकतो.

तिसरे कारण पुराव्याचे. दिवे ही काढता-घालता येणारी वस्तू आहे. बंदरात शिरण्यापूर्वी ते उतरवले किंवा झाकले की नाव निर्दोष दिसते. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने पाहणी सुरू केली. ड्रोनचे चित्र हा चांगला पुरावा आहे. पण चित्र काढल्यावर नाव अवरुद्ध करणे, प्रकरण चालवणे आणि दंड वसूल करणे हे काम माणसालाच करावे लागते.

चौथे कारण दंडाच्या हिशेबाचे. १९८१ च्या मूळ कायद्यात दंड पकडलेल्या माशाच्या किमतीशी बांधलेला होता, फार तर किमतीच्या पाच पट. नावेवर मासा थोडा दाखवला की दंडही थोडा. धंद्यात मुरलेला माणूस तो खर्चात धरत असे, जसा आपण हमालीचा खर्च धरतो. दंड वाढले तरी ती सवय लगेच जात नाही. शिवाय दंड ठोठावणे वेगळे आणि वसूल करणे वेगळे, हे आपण व्यापारी जाणतो. बिल फाडले म्हणजे पैसा आला असे होत नाही.

पाचवे कारण आपल्या घरचे आहे. चोरीचा मासा दर्यात मारला जातो, पण त्याचा पैसा बंदरावर होतो. रात्री मारलेला माल पहाटे कोणीतरी लिलावात घेतो, कोणीतरी त्याला बर्फ देतो, कोणीतरी गाडी लावतो, कोणीतरी दलाली घेतो. या साखळीत कुठेही प्रश्न विचारला जात नाही. दर्यावर हजार डोळे ठेवणे सरकारला जमणार नाही, पण मासा उतरण्याची बंदरे मोजकीच आहेत. मिरकरवाडा, हर्णै, साखरी नाटे, देवगड, मालवण, मुरूड, ससून डॉक ही बंदरे सर्वांना माहीत आहेत आणि माल तिथे उघड्यावरच उतरतो.

पिल्लांचा हिशेब

आता एक साधा हिशेब मांडू. यातले आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, पापलेटची ५० ग्रॅमची पिल्ले पकडली. २० पिल्लांचा एक किलो झाला आणि १०० रुपये आले. तीच २० पिल्ले दर्यात राहिली असती तर सगळी जगली नसती. निम्मी मेली असे धरा. उरलेली १० वाढून प्रत्येकी ४०० ग्रॅमची झाली तर ४ किलो माल होतो. मोठ्या मालाचा भाव ८०० रुपये धरला तर ३२०० रुपये. चारातली तीन पिल्ले मेली असे धरले, तरी ५ मासे, २ किलो आणि १६०० रुपये होतात. म्हणजे शंभर रुपयांसाठी सोळाशे रुपयांचा माल मोडला. शिवाय त्या माशांनी एकदा तरी अंडी घातली असती, तो हिशेब वेगळाच.

आता दुसरी बाजू पाहा. ज्याने पिल्ले मारली त्याला १०० रुपये आज मिळाले. १६०० रुपये उद्या कोणाला मिळाले असते याची त्याला खात्री नाही. त्याने सोडलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल, ही भीती त्याला असते. म्हणूनच एकट्याच्या भलेपणाने हे काम होत नाही. नियम सर्वांना सारखा लागेल असा भरवसा असेल तरच माणूस पिल्लू सोडतो. ढिल्या अंमलाचे खरे नुकसान हेच की तो प्रामाणिक माणसाला मूर्ख ठरवतो. परवाना घेऊन ३१ डिसेंबरला जाळे गुंडाळून ठेवणारा नाखवा जानेवारीत धक्क्यावर उभा राहून दुसऱ्याचा माल उतरताना पाहतो, तेव्हा पुढच्या वर्षी तो काय करील?

बाहेरचा बाजारही विचारतो

कोणी म्हणेल, माल विकला जातो तोवर चिंता कशाला? तर बाहेरच्या बाजाराकडे पाहावे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून असा नियम केला की समुद्रातून पकडलेली मासळी कायदेशीर मार्गाने पकडल्याचा दाखला सोबत असल्याशिवाय माल घेणार नाही. अमेरिकेने समुद्री कासवांच्या बचावासाठी जाळ्यात सुटका-यंत्र नाही, या कारणावरून २०१८ साली भारताच्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. सुटका-यंत्र म्हणजे जाळ्यात बसवायची एक जाळीदार चौकट. तिच्यातून कोळंबी मागे जाते आणि कासव बाहेर पडते. एका चौकटीची बाब, पण ती नावांवर बसवली गेली नाही म्हणून एवढी मोठी पेठ गेली.

कापडाच्या धंद्यात आम्ही हे अनुभवले आहे. परदेशी गिऱ्हाईक आज रंगात कोणते रसायन आहे, कारखान्यात कोणाकडून काम करून घेतले, असे कागद मागते. कागद नसेल त्याचा माल कितीही चांगला असो, परत येतो. मासळीच्या व्यापाऱ्यांवर ही वेळ आलीच आहे. ज्याच्या मालाचा उगम स्वच्छ आहे त्याला भाव मिळेल आणि ज्याच्याकडे दाखला नाही तो देशी बाजारात पडेल त्या भावाने विकील.

दोन्ही बाजूंना आपलीच माणसे

हा विषय आपल्यापैकी पुष्कळांना नाजूक वाटतो, त्याचे कारण उघड आहे. कोळी, गाबीत, भंडारी, खारवी यांच्याबरोबर दालदी मुस्लिमांचीही कोकण किनाऱ्यावर मासेमारीची जुनी परंपरा आहे. रत्नागिरीकडे पर्ससीनच्या नावांत आपल्या लोकांचे भांडवल आहे आणि गिलनेट, गळ, रापण यांवर जगणारी आपलीच कुटुंबेही आहेत. एकाच मोहल्ल्यात दोन्ही घरे असतात. म्हणून लोक गप्प राहतात, किंवा वाद मासळीचा न राहता माणसांचा होतो.

मोठ्या नावेच्या मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याने कर्ज काढून नाव बांधली आहे. नावेवर पंचवीस-तीस खलाशी, त्यात कितीतरी थेट नेपाळातून आलेले. त्यांना आगाऊ उचल द्यावी लागते. परवान्याचे महिने चार, हप्ते बारा महिन्यांचे. बाहेरच्या राज्यांच्या नावा येऊन मासा नेतात आणि आपल्यालाच कायदा दाखवतात, ही त्याची तक्रार आहे आणि ती पूर्ण खोटी नाही. पण याचे उत्तर परराज्यातील नावांवरही तसाच अंमल करणे हे आहे, आपणही तीच चोरी करणे हे नाही. ज्या व्यवसायात नावा वाढत गेल्या आणि मासा कमी होत गेला, तिथे नवे कर्ज देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही दहा वेळा विचार करावा.

लहान मच्छीमारानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रागाच्या भरात दुसऱ्याची नाव अडवणे किंवा जाळणे यातून त्याचेच नाव पोलिसांच्या दप्तरात जाते. मूळ गुन्हा करणारा मग फिर्यादी होऊन बसतो.

व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी काय करावे?

आमच्या मते पुढील गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

१. मासळीच्या व्यापाऱ्याने खरेदीच्या नोंदीत नावेचा नोंदणी क्रमांक आणि जाळ्याचा प्रकार लिहावा. जानेवारीनंतर पर्ससीनचा माल आला तर तो कुठल्या पाण्यातला आणि कुठल्या परवान्यावरचा, हे विचारावे. उत्तर मिळत नसेल तर तो माल सोडावा. वही स्वच्छ असेल तर उद्या निर्यातदार तुमच्याच दारी येईल.

२. लिलावाच्या जागी मोजपट्टी ठेवावी. आमच्या दुकानात गजाशिवाय कापड विकले जात नाही, मग माशाची लांबी नजरेने का ठरवावी? पापलेटसाठी १३५ आणि सुरमईसाठी ३७० मिलीमीटरची खूण केलेली फळी कोणताही सुतार अर्ध्या तासात करून देईल. त्याहून लहान माल घ्यायचा नाही, असे बंदरावरच्या सर्व खरेदीदारांनी मिळून ठरवावे. एकट्याने ठरवले तर त्याचे गिऱ्हाईक शेजारी जाईल.

३. नाखव्याला उचल देणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती मोठी ताकद असते. उचल देताना लेखी अट घालावी की एलईडी आणि विनापरवाना मासेमारी झाली तर पुढची रक्कम मिळणार नाही. यात व्यापाऱ्याचा स्वतःचाही बचाव आहे. नाव अवरुद्ध झाली तर त्याचीच रक्कम अडकते.

४. जाळी विकणाऱ्यांनी आणि विणणाऱ्यांनी बिलावर आसेचे माप लिहावे. ट्रॉलच्या खोळीला चौकोनी आस लावून देण्याचे काम शिकून घ्यावे. ज्या कारागिराला हे काम येते त्याला आज ना उद्या मागणी येणारच.

५. दिव्यांची चौकट कोणीतरी वेल्डर करतो, वायरिंग कोणीतरी इलेक्ट्रिशियन करतो, जनित्र कोणीतरी मिस्त्री बसवतो. हे लोक दर्यात जात नाहीत, म्हणून आपला संबंध नाही असे त्यांना वाटते. पण त्यांच्या हाताशिवाय एकही दिवा पाण्यावर लागत नाही. चावी बनवणारा कारागीर घर कोणाचे हे विचारूनच चावी बनवतो, तसे यांनीही विचारावे. मजुरी थोडी बुडेल, पण त्याच बंदरावर इंजिने, शीतपेट्या, बर्फाची यंत्रे यांचे काम भरपूर आहे.

६. मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. ज्या नावेवर गुन्हा शाबीत झाला तिची शिफारस संस्थेने करू नये, असा ठराव वार्षिक सभेत मांडावा. संस्थेच्या सभासदांना हा हक आहे.

७. तक्रार तोंडी करू नये. तारीख, वेळ, ठिकाण आणि शक्य असेल तर नावेचा क्रमांक लिहून मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. त्याखाली दरवर्षी पाच प्रश्न विचारावेत. गस्ती नौका किती दिवस निघाली? किती नावा पकडल्या? किती प्रकरणांचा निकाल लागला? दंड किती ठोठावला? वसूल किती झाला? शेवटच्या दोन आकड्यांतील फरक ज्या दिवशी बंदराच्या फलकावर लागेल, त्या दिवसापासून अंमल सुधारू लागेल.

८. मोहल्ल्यातील शहाण्या माणसांनी पावसाळ्याच्या बंदीत, नावा किनाऱ्यावर असताना, मोठे नाखवे आणि लहान मच्छीमार यांना एकत्र बसवावे. कोणत्या महिन्यात कोणते जाळे किती अंतरावर टाकायचे, हे आपसात ठरले तर खात्याचे काम अर्धे होते. हंगाम सुरू झाल्यावर ही बैठक होत नाही, कारण तेव्हा प्रत्येकाची घाई असते.

यातील कोणतेही काम सरकारची जबाबदारी कमी करत नाही. वेगवान गस्ती नौका, पुरेसे कर्मचारी, ट्रान्सपॉन्डरच्या नोंदींचा उपयोग आणि परराज्यातील नावांवर सारखी कारवाई ही मागणी सर्व बंदरांनी मिळून लावून धरली पाहिजे. पण मागणी करणाऱ्याचे हात स्वच्छ असले तर तिला वजन येते. ज्या बंदरावर चोरीचा माल बिनधास्त खपतो, तिथल्या व्यापाऱ्यांनी गस्त मागितली तर अधिकारी मनात हसतोच.

धंद्यात दोन प्रकारचे लोक असतात. एक मिळकतीवर घर चालवतो आणि भांडवल राखतो. दुसरा भांडवलच खर्चून थाट करतो आणि काही वर्षे तोच जास्त श्रीमंत दिसतो. दर्याच्या बाबतीत आपण दुसऱ्याच्या वाटेने निघालो आहोत. भांडवल अजून संपलेले नाही. बांगडा, तारली, पापलेट यांना दोन-तीन मोसम मोकळे मिळाले तर ती वाढतात, कारण मासा लाखांनी अंडी घालतो. त्याला तेवढी फुरसत देणे आपल्या हाती आहे. येत्या हंगामाच्या पहिल्या लिलावाला खरेदीदारांनी मोजपट्टी घेऊन जावे. सुरुवात तेवढ्यानेही होईल.